सायकलवरून उतरावं लागतं ती जागा

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी सिंहगडाच्या पायथ्याशी एका तरुण मुलीनं मला विचारलं, "काकू, तुम्ही सायकलिस्ट आहात का?" तिच्याकडे कार्बन फ्रेमची सायकल होती, पॅडलला घट्ट बसणारे बूट होते, हँडलवर हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र होतं. माझ्याकडे पुढे टोपली आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली माझी जुनी लेडीज सायकल. मी पटकन म्हणाले, "छे गं, मी आपली सायकलनं येते-जाते." ते उत्तर घरी पोचेपर्यंत मला टोचत राहिलं. कोथरूडहून शनिवार पेठेतल्या शाळेत मी ३१ वर्षं सायकलवरून शिकवायला गेले. मग "छे गं" कशाला म्हणाले?

आपण सायकल चालवणाऱ्याला काय काय म्हणतो ते बघा. शर्यतीत उतरला की तो सायकलपटू. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून गेला की घाटाचा राजा. रविवारी पहाटे हेल्मेट घालून लोणावळ्याला जाऊन आला की सायकलिस्ट. त्याला ट्रकनं उडवलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो सायकलस्वार. आणि डबा लावून कामाला निघाला असेल, तर मागून हाक येते, "ए सायकलवाला, बाजूला हो!" माणूस तोच, दोन चाकंही तीच. मान मात्र कपड्यांप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतो.

लांब पल्ल्याच्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधी सांगते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. आपल्याकडे आता ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, करणारेही पुष्कळ झालेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. त्यातला एक नियम मला फार आवडतो. ठरलेली ठाणी सोडून मध्ये कुठेही तुमच्या गाडीतून तुम्हाला मदत पोचवायची नाही. पंक्चर झालं, चेन तुटली, तर तुमचं तुम्ही बघायचं. आणि शेवटी पहिला-दुसरा नंबर कुणालाच नाही.

या नियमाचा विषय निघाला की मला युजीन क्रिस्तोफ आठवतो. १९१३ सालची 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत. पिरेनीज पर्वतात तूरमाले नावाचा मोठा घाट आहे. तो उतरताना याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. तेव्हाच्या नियमानं दुसरी सायकल घेता येत नव्हती, कुणाचा हातही लागायला नको होता. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरहून जास्त चालत तो खालच्या गावात, सेंत-मारी-द-काँपाँला पोचला. तिथे एक लोहारशाळा होती. हा मूळचा कुलपं बनवणारा कारागीर, लोखंड त्याच्या हाताला माहीत. भट्टीत तापवून त्यानं फोर्क स्वतः जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. एक हात सांडशीला आणि एक हातोड्याला, मग भाता कोण मारणार? तिथल्या एका पोरानं भाता मारला. तेवढ्यासाठी क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला! त्या मोडलेल्या फोर्कपायी काही तास गेले आणि शर्यत जिंकायची संधीही गेली. पण तो पुन्हा सायकलवर बसला आणि पॅरिसला पोचला.

ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपली सायकल कुठे मोडते आणि कशी जुळते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. लोणचं मुरतं ना, तशी सायकल माणसात मुरावी लागते. मुरलेला माणूस मी सायकलस्वार मानते. किलोमीटर किती झाले ते मी त्यानंतर विचारेन.

असा एक माणूस रोज पहाटे आमच्या गल्लीत येतो. पेपर टाकणारे काका. मी एकदा त्यांची सायकल नीट बघितली. कॅरिअरवर जुन्या ट्यूबनं आवळलेला गठ्ठा, हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, डाव्या पिशवीत मराठी पेपर, उजवीत इंग्रजी. गल्लीच्या एका टोकाला दोन्ही पिशव्या भरलेल्या असतात. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत डावी जवळजवळ रिकामी होते आणि हँडल उजवीकडे ओढायला लागतं. मग ते दहा सेकंद थांबतात, उजवीतले थोडे पेपर डावीत टाकतात आणि निघतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, रविवारी पुरवण्या असतात. रविवारी ब्रेक आधी धरायचा." हे ज्ञान कुठल्या दुकानात मिळतं? बाजूला गॅसबत्तीएवढा उजेड नाही, रस्ता पावसानं ओला, आणि या माणसाच्या बोटांना माहीत आहे की आज वजन जास्त आहे.

माझंही तसंच होतं, आता लक्षात येतं. चारचाकीतून जाणाऱ्याला पौड रस्ता सपाट वाटतो. सायकलवाल्याला विचारा. पौड फाट्यापासून चांदणी चौकाकडे तो सारखा चढतच जातो. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये वारा पश्चिमेकडून. म्हणजे सकाळी शाळेत जाताना उतार आणि पाठीवर वारा, आणि संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परतताना चढ आणि समोरून वारा. तेव्हा गिअर नव्हते. पॅडलवर उभं राहायचं कुठे, आणि दम कुठे राखून ठेवायचा, हे पायांनी ठरवलेलं असायचं.

याचा रस्त्यांशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून इतकं बोलते आहे. आमच्या भागात सायकल ट्रॅक झाला. रंग छान, फरशा छान. पण दर चौकात तो फूटभर उंच होऊन संपतो, मधे विजेची पेटी येते, आणि मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमधून दुधाचे कॅन लावलेली सायकल जात नाही. ज्यांनी तो आखला त्यांनी सायकल चालवणाऱ्यांना विचारलं होतं, असं मला सांगण्यात आलं. विचारलं असेलही. पण सभेला सकाळी अकरा वाजता कोण येऊ शकतं? दूधवाला त्या वेळी झोपलेला असतो, बांधकामावरचा माणूस कामावर असतो, धुणीभांडी करणाऱ्या ताई तिसऱ्या घरी असतात.

२०११च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जात होते. हे कोट्यवधी लोक आहेत. त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतःला कधी सायकलिस्ट म्हटलं असेल. मीही म्हटलं नव्हतं.

त्या मुलीशी आता माझी मैत्री झाली आहे. आम्ही दोघींनी मिळून एक काम सुरू केलंय. दाराशी टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात एकच प्रश्न आहे: तुमच्या रोजच्या वाटेवर सायकलवरून कुठे उतरावं लागतं? जागा लिहा, कारण लिहा. तुम्ही सायकल चालवत नसाल, तर उद्या तुमच्या पेपरवाल्याला, दूधवाल्याला, वॉचमनला विचारा आणि त्यांचं उत्तर आम्हाला कळवा. आत्तापर्यंत ४३ जागा झाल्यात. पहिली नोंद आमच्या पेपरवाल्या काकांची आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "शाळेजवळचा चौक. ट्रॅक संपतो. गठ्ठा उतरवून सायकल उचलावी लागते. रविवारी दोनदा."