ल्युतेसियाला परतताना

[सकाळ. सेव्र-बाबिलोन मेट्रो स्थानकाचा जिना. कॅमेरा वर येतो.]

जिना चढून वर आलं, की आधी दिसते ती बोट. आहे इमारतच, पण ब्युलेव्हार रास्पायच्या कोपऱ्यावर अशी वळणं घेत उभी आहे, की कुणी भर रस्त्यात नांगर टाकून ठेवलाय असं वाटावं. सात मजले, लाटांसारखे सज्जे, दगडात कोरलेले द्राक्षांचे घोस. हॉटेल ल्युतेसिया. पॅरिस हे पॅरिस होण्याआधी इथल्या रोमन वस्तीचं हेच नाव होतं.

मी इथे एकदा येऊन गेलेय, दुरुस्तीच्या आधी. आठवतं ते लाल मखमल आणि मंद दिवे. खोली घ्यायची ऐपत तेव्हाही नव्हती, आजही नाही. खाली ब्रासरीत, म्हणजे इथल्या खानावळीत, कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं, त्यावरच खूश होते.

[समोरची बाग, पलीकडे दुकानाच्या काचा.]

हे हॉटेल बांधलं एका दुकानाने. बागेपलीकडे दिसतंय ते ल बाँ मार्शे. गावोगावची श्रीमंत गिऱ्हाइकं खरेदीला पॅरिसला यायची, त्यांना उतरायला दुकानाजवळच जागा हवी होती. बस्ता बांधायला आलेल्या मंडळींसाठी पेढीनेच वाडा बांधावा, तसं. दारं उघडली १९१० मध्ये. १९२१ मध्ये द गॉल नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी लग्नाच्या रात्री नवऱ्या मुलीला घेऊन इथेच उतरला होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

एप्रिल २०१४ मध्ये हॉटेल बंद झालं. पुढच्याच महिन्यात आतल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, दिवे, चित्रं, अगदी तळघरातल्या वाइनच्या बाटल्यासुद्धा. जुन्या गिऱ्हाइकांनी आठवण म्हणून काहीबाही उचललं. वास्तुरचनाकार जाँ-मिशेल विल्मोत यांच्याकडे काम गेलं आणि ते चार वर्षं चाललं. २३३ खोल्यांच्या १८४ झाल्या. म्हणजे भिंती पाडल्या, खोल्या मोठ्या केल्या आणि अर्थातच भाडीही.

[बार जोसेफीन. कॅमेरा हळूहळू छताकडे.]

या दुरुस्तीतला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग मात्र नवा नाहीच. बारच्या छतावर रंगाचे थरावर थर चढलेले होते. ते खरवडताना खालून चित्र निघालं. आद्रियाँ कार्बोव्हस्की यांचं, हॉटेल उभं राहिलं तेव्हाचं. ते पूर्ववत करायला कारागिरांना १७ हजार तास लागले. आपल्याकडे जुन्या देवळांच्या लाकडी खांबांवर ऑइलपेंटचे हात बसतात, त्याची आठवण होते. कुणीतरी कधीतरी सरळ म्हणालं असणार, जुनं झालंय, रंग मारून टाका.

बारला नाव जोसेफीन बेकर यांचं. गायिका, नर्तकी आणि युद्धात फ्रान्ससाठी हेरगिरी केलेली बाई. त्या इथे उतरत असत.

[ब्रासरी. बर्फावर मांडलेली कालवं.]

ब्रासरी या शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळायची जागा. पुढे ती खानावळ झाली, जिथे अवेळी गेलात तरी ताट मिळतं. हॉटेल पुन्हा उघडल्यावर इथल्या जेवणाची घडी बसवायला मार्सेयहून जेराल्ड पासेदा आले. तीन मिशलँ तारे, म्हणजे खाद्यजगतातला सर्वोच्च मान, मिळवलेला हा आचारी, समुद्राच्या काठावरचा माणूस. त्यामुळे मासळीला मान. बर्फावर मांडलेली ही कालवं फ्रेंच लोक लिंबू पिळून कच्चीच गिळतात. कोकणात कालवांचं सुकं खाऊन वाढलेल्या माणसाला पहिला घास जड जातो. दुसरा जात नाही.

[काळी-पांढरी छायाचित्रं.]

याच इमारतीत, जून १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर, जर्मन लष्कराच्या हेरखात्याने, आपव्हेअरने मुक्काम ठोकला. नोकरांनी उंची वाइन भिंतीआड चिणून ठेवली आणि जर्मनांना ती शेवटपर्यंत सापडली नाही, असं सांगतात.

मग १९४५ चा एप्रिल. नाझी छळछावण्यांतून सुटलेली माणसं पॅरिसला येऊ लागली. सुरुवातीला त्यांना ओर्से स्थानकात उतरवलं जायचं, आज तिथे संग्रहालय आहे. पण ही माणसं स्थानकावर रांगेत उभी करण्याच्या अवस्थेत नव्हती. द गॉल आता सरकारचे प्रमुख होते. ल्युतेसिया ताब्यात घेतलं गेलं आणि ऑगस्टपर्यंत हजारो माणसं याच दारातून आत आली. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, अंगावर उवा मारायची डीडीटी पावडर. पॅरिसला रेशन होतं, पण इथे अन्न होतं. तरी वाढताना डॉक्टरांना हात आखडावा लागायचा, कारण उपाशी शरीराला भरलं ताट झेपत नाही, त्याने माणूस दगावतो. काहींना मऊ गादीवर झोपच येईना. ते खाली जमिनीवर आडवे व्हायचे.

बाहेर फलक लावलेले. त्यांवर फोटोच फोटो. लग्नातले, शाळेतले, गुटगुटीत गालांचे. नातेवाईक रोज यायचे, येणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवून विचारायचे, याला पाहिलंत का? पण फोटोतला माणूस आणि छावणीतला माणूस यांची चेहरेपट्टी जुळायची नाही. समोर उभ्या असलेल्यालाच ओळखलं नाही, असंही झालं.

[बाहेरची भिंत. दगडी पाटी. आवाज थोडा खाली.]

१९८५ पासून ही पाटी इथे आहे. परत आलेल्यांच्या आनंदाचा उल्लेख तिच्यात आहे. आणि मग लिहिलंय, की ज्या हजारो कुटुंबांनी इथे व्यर्थ वाट पाहिली, त्यांचं दुःख या आनंदाने पुसलं जात नाही.

[पाटीशेजारून एक कुटुंब बॅगा ओढत दाराकडे जातं. कॅमेरा पाटीवरच थांबतो. चाकांचा आवाज आत जाऊन विरतो.]