मिठाच्या लादीवर कोळंबी

(दृश्य: गॅसच्या शेगडीवर गुलाबी लादी. आच अगदी बारीक.)

ही लादी मिठाची आहे. वीस सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, पाच सेंटिमीटर जाड. वजन चार किलोंच्या वर. थोड्या वेळाने हिच्यावर कोळंबी भाजायची आहे, त्यानंतर सुरमई आणि शेवटी मटणाचे पातळ काप. कशालाच वरून मीठ लावलेलं नाही, लावायचंही नाही.

(दृश्य: खाणीतला बोगदा, दिव्याच्या उजेडात लालसर भिंती.)

अशा लाद्या येतात त्या पाकिस्तानातल्या पंजाबातून, झेलम जिल्ह्यातल्या खेवड्याच्या खाणीतून. पन्नास कोटी वर्षांहूनही आधी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. त्या थरांतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे मिठाला हा गुलाबी, कुठे विटकरी रंग आला. सिकंदराच्या सैन्यातले घोडे इथले दगड चाटू लागले आणि मिठाचा शोध लागला, अशी दंतकथा तिकडे सांगतात. आजच्या खाणीचा मुख्य बोगदा मात्र इंग्रजांच्या काळातला, १८७२ चा. वॉर्थ नावाच्या अभियंत्याने आखलेला. खाणीत निम्मंच मीठ काढतात. उरलेलं निम्मं खांब म्हणून जागेवर सोडतात, म्हणून डोंगर उभा आहे.

परदेशी दुकानांत याला हिमालयाचं नाव देतात. आपल्याकडे हेच मीठ सैंधव किंवा शेंदेलोण म्हणून घरोघरी आहे. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत पडतं ते हेच. त्याची लादी तापवून तिच्यावर मांस-मासळी शिजवण्याची पद्धत मात्र नवी. गेल्या काही दशकांत ती अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांतून पसरली. तिला कुणी हजारो वर्षांची परंपरा म्हणून खपवत असेल, तर विश्वास ठेवू नका. तब्येतीच्या दाव्यांचंही तेच. यात अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास साधं सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबाचं पथ्य असलेल्याला हे मीठही जपूनच खायला हवं.

(दृश्य: लादीवर पाण्याचा थेंब. तो नाचतो आणि उडून जातो.)

आता पद्धत. एक गोष्ट कळली की बाकीचं आपोआप कळतं: मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लादीवर ठेवलेला पदार्थ किती खारट होणार, हे त्याच्या अंगावर किती पाणी आहे त्यावर ठरतं. लादी कडक तापलेली असेल, तर पदार्थाचं पाणी टेकताक्षणी वाफ होऊन जातं. मीठ विरघळायला उसंत मिळत नाही. मासळीला खारटपणाचा हलका हात लागतो, तेवढाच. लादी कोमट असेल तर पाणी साचतं, मीठ त्यात उतरतं आणि कोळंबी तोंडात धरवत नाही.

म्हणून घाई करायची नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं आच बारीक, मग थोडी मध्यम, मग मोठी. पाऊण तास धरून चाला. मिठाच्या आत पाण्याचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. एकदम मोठ्या आचेवर ते फुगतात आणि लादी फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडते. कधी सरळ दुभंगते. इंडक्शनवर ही लादी तापतच नाही, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

(दृश्य: सोललेली कोळंबी स्वच्छ फडक्यावर टिपली जाते आहे.)

कोळंबी मोठी घ्या. सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, धुवायची आणि मग फडक्याने टिपायची. परत टिपायची. बोट फिरवलं तर ओलसर लागता कामा नये. माझ्या मते सगळं कौशल्य या फडक्यात आहे, लादीत नाही. त्यानंतर कोळंबीलाच तेलाचं बोट लावायचं. लादीवर तेल ओतलं तर नुसता धूर होतो.

(आवाज: चुर्रर्र.)

राखाडी कोळंबी कडेने केशरी होत जाते. दोनेक मिनिटांनी चिमट्याने उलटायची. खाली टेकलेल्या बाजूला तांबूस डाग पडलेले दिसतील. मधला भाग पांढरा झाला की लगेच उचला, कारण लादीवर रेंगाळलेला प्रत्येक क्षण खारटपणा वाढवतो. लिंबू ताटात पिळा. लादीवर पिळलंत तर तेही पाणीच.

सुरमईची नेहमीची जाड तुकडी इथे चालत नाही. आत शिजेपर्यंत बाहेरून खारी होते. काटा काढून बोटाच्या निम्म्या जाडीचे काप करा. माकूळ छान होते, तिला वेळच लागत नाही. तिसऱ्या नकोत, उघडल्या की त्यांचं पाणी लादीभर पसरतं.

मटणाला नेमकी जागा हवी. बकऱ्याच्या कण्यालगतचं मऊ मांस मागून घ्या आणि रेषांना आडवं, पातळ कापा. दही, व्हिनेगर, ओला वाटणाचा मसाला यांतलं काहीही लावू नका. कुटलेली मिरी पुरे. कोंबडीचे कापही पातळच हवेत आणि आत गुलाबी भाग उरता कामा नये.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. ओट्यावर ओलसर लादी.)

मुंबई-कोकणात एक अडचण जास्तीची आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैमध्ये उघडी ठेवलेली लादी घामेजते, खाली पाण्याचं तळं होतं. ती कोरड्या कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर वाटली तर कोरडी होईपर्यंत शेगडीवर ठेवायचीच नाही. भारताने २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लावलं आणि मे २०२५ मध्ये तिथली आयातच बंद केली. घरात लादी असेल तर ती जपण्याला हेही कारण आहे.

काम झाल्यावर लादी शेगडीवरच निवू द्या. त्याला तास न् तास लागतात. गार झाली की ओलसर फडक्याने पुसा, चिकटलेलं खरवडा, लगेच कोरडी करा. साबण लावू नका, नळाखाली धरू नका. हळूहळू ती करडी पडेल, भेगा वाढतील, एक दिवस तुकडे होतील. ते फेकू नका. वरचा जळका थर तासून काढा, उरलेलं मीठ खलबत्त्यात कुटा आणि कालवणाला, रश्श्याला वापरा. फक्त त्याची बरणी वेगळी ठेवा. उपवासाच्या सैंधवात ते मिसळू देऊ नका. त्याच्यावर मासळी शिजली आहे.