अण्णांच्या घराचा वाटा

पुण्यात कर्वे रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात. पुढे कर्वेनगर लागतं, म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, ही वाट कित्येक वर्षं पायी तुडवत होते. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी हिंगण्याच्या आश्रमात जायचं. पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल. आश्रमाला लागणारं सामानही पुष्कळदा त्यांच्याच खांद्यावर असे.

ही पायपीट सर्वांना ठाऊक आहे. त्या काळात अण्णांचं घर कोण चालवत होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आम्हाला ते सांगायचं आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातला. मुरूडला वाढले, मुंबईत शिकले. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसनमध्ये बोलावलं. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं अण्णांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. देवरुखच्या जोश्यांची ही मुलगी आठव्या वर्षी विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे.

या लग्नाची शिक्षा मुरूडच्या घराला भोगावी लागली. गावानं अण्णांवर बहिष्कार टाकला. त्यांना घरात ठेवून घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी धमकी दिली. आईला भेटायला आलेल्या मुलाला स्वतःच्याच घरात मोकळेपणानं राहता येईना. घरातल्या माणसांवर त्यांचा फार जीव होता. तो तुटेल हे दिसत असताना त्यांनी पाऊल उचललं, म्हणून आम्हाला ते लग्न एखाद्या जाहीर भाषणापेक्षा मोठं वाटतं.

१८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला, गावाबाहेरच्या माळावर, एका साध्या झोपडीत. तिथलं काम सांभाळायला पुढे आल्या त्या बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. म्हणजे आश्रमाच्या पहिल्या कार्यकर्त्या मिळाल्या त्या घरातूनच.

इथे थोडं थांबायला हवं. अण्णांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. बायांना ते पटलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर मुलांनी काय खायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तो कोत्या मनाचा नव्हता. लहानपणी वैधव्य आलेल्या बाईला पुरुष गेल्यावर घराचं काय होतं, हे कुणी शिकवायला लागत नाही. ज्या बायकांसाठी आश्रम उभा राहत होता, त्यांच्यातल्याच एकीचा तो आवाज होता. अण्णा बधले नाहीत. बायांनी मग स्वतःच्या पायावर उभं राहायची सोय केली. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. संसार ओढला, मुलं वाढवली, आणि नवऱ्याच्या कामालाही पाठ दाखवली नाही.

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, पाच विद्यार्थिनी घेऊन. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं.

मुलांनी वडिलांची री ओढली नाही, आपापल्या वाटा काढल्या. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या काळी हा विषय उच्चारणंही पाप होतं, आणि त्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई मात्र हिंगण्याच्याच कामात राहिले.

दिनकरांच्या पत्नी इरावतीबाईंना उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जायचं होतं. मुलींना शिकवा म्हणून गावोगाव फिरलेल्या अण्णांनी त्याला विरोध केला. दिनकरराव पत्नीच्या बाजूनं ठाम उभे राहिले, इरावतीबाई बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आल्या, आणि काही वर्षं सासऱ्यांनी काढलेल्या विद्यापीठाच्याच कुलसचिव होत्या. अण्णांचा तो विरोध लपवायचं काही कारण नाही. त्यांच्या घरात माणसं त्यांच्याशी वाद घालू शकत, आणि वाद जिंकूही शकत. आम्हाला यात त्या घराची खरी श्रीमंती दिसते.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचा प्रवास केला, तोही विद्यापीठासाठी. परत येऊन १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत शाळा काढायचं काम हाती घेतलं. सुरुवातीची वर्गणी स्वतःचीच. महिना सत्तर रुपये पेन्शन, त्यातले पंधरा शाळांना! बायांच्या डब्यातून किती गेलं, याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही. १९४४ मध्ये समता संघ निघाला, जातीच्या भिंती पाडण्यासाठी.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. १९५३ मध्ये रघुनाथराव गेले, वडील हयात असताना. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे पाचव्या वर्षात, अण्णांनी देह ठेवला. त्याआधी १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं, आणि त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं; हयातीत टपाल तिकिटाचा मान मिळालेले ते पहिले भारतीय. तो सोहळा पाहायला बाया नव्हत्या, याची आम्हाला आजही हळहळ वाटते.

दोघांनीही आपापली आयुष्यं लिहून ठेवली आहेत. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ मधलं, बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ मधलं. ग्रंथालयात गेलात तर दोन्ही एकदमच मागा. पहिल्यात आश्रम कसा उभा राहिला ते कळेल, आणि त्याच वर्षांत घर कसं चाललं ते दुसऱ्यात.