माठ आणि बरणी

(परभणीत एप्रिल महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती पुढे काढून म्हणतो. आजच्या विषयात, म्हणजे घरात काचेच्या पेटीत बेडूक पाळण्यात, जर्मनी खरोखरच पुढे आहे. तिथल्या हाम गावात वर्षातून काही वेळा साप-सरडे-बेडकांचा मोठा बाजार भरतो आणि लोक बोटाच्या पेराएवढे रंगीत बेडूक डबीत घालून घरी नेतात. परभणीचा नंबर दुसरा लागावा म्हणून मीही खटपट केली. त्याचं काय झालं ते सांगायला उभा आहे.

हे विषारी बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलातले. इंग्रजीत त्यांना डार्ट फ्रॉग म्हणतात. कोलंबियातले एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणाचं टोक यातल्या काही जातींच्या पाठीवर घासत असत, म्हणून हे नाव पडलं. सगळ्यात जहरी तो सोनेरी, फायलोबेटिस टेरिबिलिस. शास्त्रात त्याची नोंद 1978 साली झाली. आता गंमत बघा. पिवळा बेडूक आपल्याला नवा नाही. पहिल्या पावसात वावरात पाणी साचलं की आपला मोठा नर बेडूक वसमतच्या हळदीसारखा पिवळाधमक होतो. तो नवरदेव असतो, माद्यांना म्हणतो 'या'. तिकडचा पिवळा बेडूक सापाला म्हणतो 'जा'.

"घरात विष कशाला?" हे मला पहिल्यांदा आईनंच विचारलं होतं. तर ते विष बेडूक स्वतः तयार करत नाही. जंगलातल्या मुंग्या आणि बारीक कोळकिडे खाऊन ते त्याच्या कातडीत साठतं. काचेच्या पेटीत जन्मलेल्या, चिलटांवर वाढलेल्या पिल्लात ते नसतं. म्हणजे माणसाला बेडकापासून धोका नाही, बेडकाला माणसापासून आहे. त्याची कातडी पाणीही पिते आणि आपल्या हातावरचं मीठ-साबणही. खोलीत मच्छरचं लिक्विड लावलं तर तेही पिते.

आता पेटी. तळाला भाजलेल्या मातीच्या गोट्या, नाहीतर विटेचे तुकडे, म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं. त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, मग नारळाचा भुसा आणि कोळसा. काळी माती चुकूनही घालू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, हे इथं कुणाला सांगायला नको. वर बदामाची, म्हणजे आपल्या रस्त्याकडेच्या देशी बदामाची, वाळकी पानं उकळून पसरा. त्या पानांखाली स्प्रिंगटेल नावाचे पांढरे, टणाटण उडणारे किडे सोडा. ते बुरशी आणि घाण खातात आणि बेडूक त्यांना खातो. झाडं म्हणाल तर मनी प्लांट, नेचे, शेवाळ. अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड मिळाली तर उत्तम, कारण तिच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं आणि काही जातींचे बेडूक आपली पिल्लं पाठीवर घेऊन तिथं नेऊन सोडतात.

पाण्याबद्दल आपल्याकडे सगळ्यांची शंका एकच: इथं प्यायला पाणी नाही, लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तुम्ही बेडकाला पाऊस पाडणार? अहो, पाणी हा प्रश्नच नाही. 1829 साली लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत नेचा उगवला आणि पाण्याचा थेंब न घालता वर्षानुवर्षं टिकला. झाकलेल्या पेटीत तेच पाणी काचेवर चढतं, खाली उतरतं. माझ्या पेटीला आठवड्याला तांब्याभरही लागत नाही. फक्त बोअरचं नको, काचेवर पांढरे डाग धरतात. आरओचं नाहीतर साठवलेलं पावसाचं वापरा.

प्रश्न उन्हाचा आहे. या बेडकांना 22 ते 27 अंश मानवतं, 30 च्या वर जीव धोक्यात. आपला मे महिना 42 चा. माठातलं पाणी गार का राहतं? माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यावर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. काचेची पेटी म्हणजे बरणी, माठ नव्हे. झाकण लावलं तर ओल टिकते, पण उष्णता आतच कोंडते. झाकण उघडून पंखा लावला तर पेटी गार होते, पण तासाभरात शेवाळ कुरकुरीत. मराठवाड्यात हा छंद करायचा म्हणजे या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. माझी ती जागा म्हणजे अर्धं झाकण जाळीचं, पेटी जमिनीवर उत्तरेच्या भिंतीला, आणि खोलीला कूलर.

कूलर मात्र विजेवर चालतो.

माझ्याकडे दोन ल्युकोमेलास होते. व्हेनेझुएलाकडची जात, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, जन्म पेटीतला. एका लग्नाला गेलो होतो. दुपारी लाइट गेली, साडेतीन तास. परत आलो तेव्हा पेटीतला काटा 35 वर. एक काचेला चिकटूनच गेला होता, पाय लांब करून. दुसरा मला मेलाच वाटला, पण तो खालच्या ओल्या पानांच्या थरात तोंड खुपसून बसला होता. त्याच्या मुलखातही कोरडा मोसम येतो आणि तेव्हा हा खोडाखाली, दगडाखाली असाच दडतो. आपले बेडूक मृगाची वाट बघत मातीत बसतात, तसंच. तेव्हापासून मी पानांचा थर चार बोटं जाड ठेवतो.

उन्हाळ्यात त्याचं जेवणही अडतं. केळं जास्त पिकलं की त्यावर घोंघावतात ती चिलटं याचं अन्न. शेतकऱ्यांची आंब्यावरची फळमाशी वेगळी, गोंधळ नको. केळं, यीस्ट आणि थोडं व्हिनेगर घालून बरणीत न उडणारी चिलटं वाढवायची आणि कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायची. पण 30 अंशांच्या आसपास नर चिलटं वांझ होतात. आखूड पंखांच्या जातीत तर त्या उष्णतेत वाढलेल्या अळ्यांना चांगले लांब पंख फुटतात! एका मे महिन्यात बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा मला हे कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. ल्युकोमेलास ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात तिची नोंद लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. जंगलातून धरलेला बेडूक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आणि नवा प्राणी महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवा. जगभर बेडकांना मारणारी ती कायट्रिड बुरशी 1999 साली शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदवली, तीही वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या अशाच एका निळ्या बेडकाच्या कातडीवरून. त्या बेडकाच्या शास्त्रीय नावात 'डेंड्रोबेटिस' आहे, बुरशीच्या नावात 'डेंड्रोबॅटिडिस' आहे ते त्यामुळे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पेटी करा, झाडं लावा आणि एक अख्खा उन्हाळा ती रिकामी चालवा. रोज दुपारी तीनला काटा वहीत लिहा. 28 च्या वर एकदाही गेला नाही तर मला फोन करा, मग बेडकाचं बोलू.

मागच्या टेबलावर माझी पेटी ठेवली आहे. काचेवर टकटक करू नका, आत बेडूक नाही. सकाळी या हॉलमधलं तापमान बघितलं, 34 होतं. त्याला घरीच ठेवून आलो.