पहिल्या बर्फावरचा वस्ताद

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, की आठवी-नववीच्या मुलांचे पालक क्रीडाशिक्षक म्हणून मला हमखास विचारतात, "सर, पोरांना यंदा स्कीइंग शिकायला पाठवायचंय, गुलमर्ग बरं की मनाली?" प्रश्न नेहमी गावाचा असतो. गावापेक्षा पहिले तीन दिवस मुलाशेजारी बर्फात कोण उभे राहणार, याची चौकशी आधी करावी, असे मी त्यांना सांगतो, आणि आज त्याचीच कारणे आपल्यासमोर मांडणार आहे. आपल्या मुलांच्या पायाखाली पन्हाळ्याचा चढ असतो, फुटबॉल रक्तात असतो, ही मुले काटक असतात. नेमक्या याच कारणाने त्यांच्यासाठी शाळा निवडताना जास्त काळजी घ्यावी लागते, कारण काटक मुलाची नजर पहिल्याच दुपारी वरच्या उताराकडे लागते.

स्कीइंगचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या देशात मोजक्याच आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनालीला १९६१ मध्ये सुरू झालेली आणि आज अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाणारी गिर्यारोहण संस्था आहे, तिचे स्कीइंगचे वर्ग सोलांगच्या उतारांवर भरतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमाने सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवले आहेत. याशिवाय खासगी शाळाही आहेत, विशेषतः गुलमर्गला. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत भारताला स्कीइंगमधले पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर मनालीकडची, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे एकटाच उतरलेला आरिफ खान गुलमर्गच्या परिसरातला. त्या उतारांवर लहानपणापासून वाढलेली, शिकवायला लायक माणसे तिथे आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र सोलांगला किंवा शिमल्याजवळच्या कुफ्रीला रस्त्याकडेला कोट, बूट आणि स्की भाड्याने देऊन पंधरा-वीस मिनिटे हात धरून घसरवणारे असतात, त्यांना शाळा समजू नये. तो पर्यटकांचा विरंगुळा आहे, त्यात शिक्षण नाही.

आता माझा अनुभव सांगतो. पहिल्यांदा मुलांची तुकडी घेऊन गेलो, तेव्हा आयोजकांनी एका प्रशिक्षकामागे आठ-दहा मुले असतील असे तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात वीसहून अधिक मुले एकाच माणसाच्या हवाली झाली. तो माणूस जीव तोडून शिकवत होता, पण प्रत्येक मुलाची पाळी येईपर्यंत बाकीची मुले बर्फात ताटकळत उभी राहात, गारठत आणि कंटाळत. दुसऱ्या दिवशी दोघे कंटाळून स्वतःहून वर चढले आणि एकाचा अंगठा दुखावला. पडताना स्कीची काठी हातातून सुटली नाही, की अशी इजा होते. तेव्हापासून एका प्रशिक्षकामागे किती मुले, हे लेखी घेतल्याशिवाय मी पैसे भरत नाही. माझ्या मते पहिल्या वेळी आठ मुले पुष्कळ झाली, सहा असतील तर उत्तम.

तालमीत नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला लगेच जोडीदाराशी भिडवत नाही. आधी जोर-बैठका, मग माती अंगाला लागू देणे, पडायचे कसे ते शिकवणे. चांगला स्की-प्रशिक्षक हेच करतो. पहिल्या दिवशी तो सपाट जागेवर चालायला लावतो, आडव्या पावलांनी उतार चढायला लावतो, कुशीवर पडायला आणि पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायला शिकवतो. मग येतो स्नो-प्लाउ, म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके फाकवून, आतल्या कडांवर भार देऊन वेग मोडणे. मुलाला आपल्या मनाने थांबता येईपर्यंत त्याला रोपवेने वर नेता कामा नये. म्हणून फोनवर सरळ विचारावे, "पहिल्या दिवशी मुलांना कोणत्या उतारावर नेता?" उत्तरात लगेच गोंडोलाचे, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचे, आणि त्याच्या वरच्या टप्प्याचे कौतुक सुरू झाले, तर मी ती शाळा सोडून देतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराजवळ साडेतीन हजार मीटरच्याही बराच वर पोहोचतो, आणि तिथले उतार हिमस्खलनाचे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर दगावले. ते नवशिक्यांचे ठिकाण नव्हे.

शाळेकडची सामग्री पाहिल्याशिवाय तिची पारख पुरी होत नाही. बूट स्कीला ज्या खटक्याने जोडलेला असतो, त्या बाइंडिंगचा ताण मुलाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून लावतात. ताण जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि पिळवटा गुडघ्याला बसतो. जी शाळा वजन न विचारता स्की हातात देते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. पंधरा-सोळा वर्षांची मुले वजन आणि कौशल्य दोन्ही वाढवून सांगतात, तेव्हा तिथे कोणी मोठे माणूस हजर असावे. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती सुटावीत आणि टाच उचलली जाऊ नये. आपल्याकडचे पालक थंडीच्या धास्तीने दोन-दोन लोकरी मोजे देतात. त्याने पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. एकच लांब मोजा द्यावा, आणि तो सुती नसावा. हेल्मेट शाळेने सक्तीचे केलेले असावे.

उंचीचा विचार प्रवास आखतानाच करावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, आणि गुलमर्ग साडेसव्वीसशेच्या आसपास. श्रीनगरला एक रात्र काढून वर जावे, आणि पोहोचल्या दिवशी वर्ग ठेवणारी शाळा असेल तर तो दिवस विश्रांतीसाठी मागून घ्यावा. डोके दुखते, मळमळते, हे मुले लाजेने सांगत नाहीत. रोज संध्याकाळी ते विचारणारा प्रशिक्षक मला पहिल्या भेटीतच आवडतो.

मुलींच्या पालकांनी स्त्री प्रशिक्षक किंवा निदान मुक्कामाला स्त्री व्यवस्थापक आहे का, हे संकोच न करता विचारावे. प्रवास विम्यात बर्फावरच्या खेळांचा समावेश आहे का, तेही वाचून घ्यावे. पुष्कळदा तो वेगळा घ्यावा लागतो.

वेळापत्रक मात्र आपल्याला अडचणीचे आहे. चांगला बर्फ साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, आणि आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास. नाताळच्या सुट्टीत जावे, तर बर्फ पुरेसा पडलेला असेलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिनाभर जवळजवळ कोरडेच होते. म्हणून नववीचे किंवा अकरावीचे वर्ष धरावे, शाळेकडून आठवड्याची रजा आधीच मंजूर करून घ्यावी, आणि बर्फ नसल्यास पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे नोंदणीपूर्वी लिहून घ्यावे.

एक शेवटची गोष्ट निघण्याच्या दिवसाची. नोव्हेंबरात अर्जात भरलेले माप फेब्रुवारीत जुळत नाही, या वयात पाऊल झपाट्याने वाढते. तेव्हा गाडीत बसण्याच्या आदल्या रात्री मुलाचे वजन, उंची आणि पावलाची लांबी पुन्हा मोजून एका चिठ्ठीवर लिहावी, आणि ती चिठ्ठी मुलाच्या हाती न देता बरोबर जाणाऱ्या शिक्षकाच्या खिशात द्यावी.

नमस्कार.