ही बीट रिझाची

(नारिंगी फेरीबोट, राखाडी पाणी. आधी फक्त इंजिनाचा आवाज. मग निवेदन.)

मॅनहॅटनच्या टोकावरून सुटलेली ही फेरी साधारण २५ मिनिटांत स्टेटन आयलंडला लागते. वाटेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, म्हणून पर्यटक चढतात. पलीकडे उतरतात आणि बहुतेक जण पुढच्याच फेरीनं परत फिरतात. न्यूयॉर्कच्या पाच विभागांपैकी हा सगळ्यात दुर्लक्षित. शहराचा कचरा मात्र १९४८ पासून अर्धं शतक इथेच येऊन पडत होता, फ्रेश किल्स नावाच्या डेपोत.

(विटांच्या इमारती. रस्त्याच्या कोपऱ्यावरची पाटी.)

टार्गी स्ट्रीट आणि व्हँडरबिल्ट अ‍ॅव्हेन्यूचा हा कोपरा. २०१९ मध्ये महापालिकेनं याला नाव दिलं, ‘वू-टँग क्लॅन डिस्ट्रिक्ट’. नऊ रॅपर्सचा गट. पाटीखाली फोटो काढायला येणारे या नऊ जणांतल्या ज्याच्या त्याच्या लाडक्या रॅपरचं नाव घेतात. आपल्याला मात्र त्यातल्या एकाच्या, बीट म्हणजे रॅपमागचं संगीत बनवणाऱ्याच्या, मशीनकडे जायचं आहे.

रॉबर्ट डिग्ज. जन्म १९६९, ब्रुकलिनमधला ब्राउन्सव्हिल भाग. जग त्याला रिझा म्हणून ओळखतं. पण त्याचं पहिलं व्यावसायिक नाव होतं प्रिन्स रकीम. १९९१ मध्ये टॉमी बॉय कंपनीनं त्याची छोटी रेकॉर्ड काढली. पोरींच्या गराड्यात सापडलेल्या तरुणाचं हलकंफुलकं रॅप. चाललं नाही, आणि कंपनीनं त्याला पुन्हा विचारलं नाही. त्याच वर्षी त्याचा चुलतभाऊ गॅरी ग्राइस, म्हणजे पुढचा जिझा, याचा अल्बम कोल्ड चिलिन या कंपनीकडून आला. त्याचीही तीच गत. मग ओहायोमध्ये डिग्जवर गोळीबाराचा एक खटला, त्यात ज्युरीनं केलेली निर्दोष सुटका, आणि तो घरी परतला.

रॅपर म्हणून त्याची पहिली खेळी इथे संपली.

(सॅम्पलरचा क्लोज-अप. फ्लॉपी आत जाते.)

हा एन्सॉनिक कंपनीचा सॅम्पलर. दिसायला कीबोर्ड, पण याला स्वतःचा सूर नाही. जे ऐकवाल तेच तो परत वाजवतो. (पडद्यावरचे हात आमच्या साउंड रेकॉर्डिस्टचे आहेत.) जुनी रेकॉर्ड लावायची, हवा तो तुकडा येईपर्यंत ऐकत बसायचं, तुकडा आला की पकडायचा. पकडलेला तुकडा पट्ट्यांवर पसरतो. वरची पट्टी दाबली की आवाज चढतो आणि पळतो, खालची दाबली की जड होऊन रेंगाळतो. जमलेलं सगळं या फ्लॉपीवर साठवायचं.

मेमरी तुटपुंजी. त्या काळी न्यूयॉर्कच्या निर्मात्यांचं आवडतं दुसरं मशीन, एसपी-१२००, त्यात तर जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून मंडळी रेकॉर्ड जलद फिरवून तुकडा भरायची आणि मशीनमध्ये पुन्हा संथ करायची. या उलटापालटीत आवाजाला खरखर चढायची. तीच पुढे या संगीताची ओळख झाली. आज लोक ती खरखर मुद्दाम विकत घेतात, सॉफ्टवेअरमधून.

(रेकॉर्ड फिरते. सुई टेकते.)

ऐका. १९६७ सालचं गाणं. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या घराण्यातून निघालेली, द चार्मेल्स या मुलींच्या गटाची प्रेमाची आर्जवं. सुरुवातीलाच पियानोचे हे काही स्वर येतात आणि गाणं पुढे निघून जातं. रिझा पुढे गेला नाही. त्यानं तेवढेच स्वर कापून पुन्हा पुन्हा फिरवले, खाली ड्रम ठेवले. प्रेमगीत गेलं, उरली गरिबीची चाल. गाण्याचं नाव ‘क्रीम’, विषय पैसा.

(इथे निवेदन थांबेल. पियानो वाजू द्यायचा. खिडक्या, जिने, बास्केटबॉलचं कोर्ट.)

‘क्रीम’मध्ये रिझा स्वतः एकही कडवं म्हणत नाही. कडवी रेक्वॉन आणि इन्स्पेक्टा डेक यांची, ध्रुवपद मेथड मॅनचं. लावणी गाजते नाचणारीच्या नावानं. ढोलकीवर कोण होतं, हे घरी जाताना कोण विचारतं? आम्हाला तेच विचारायचं आहे. कोणता तुकडा ठेवायचा, त्यावर कोणी बोलायचं, कोणी गप्प बसायचं, हे ठरवणारा माणूस गाण्याचा लेखक नाही तर कोण?

(कुंग-फू चित्रपटांची पोस्टरं. बेचाळीसावा रस्ता, जुनं चित्रण.)

टाइम्स स्क्वेअरजवळची स्वस्त थिएटरं. एका तिकिटात हाँगकाँगचे दोन-तीन मारधाडपट. ब्रूस लीला मॅटिनीला पाहिलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. डिग्ज आणि त्याचा दुसरा चुलतभाऊ, पुढचा ओल डर्टी बास्टर्ड, इथलेच प्रेक्षक. गटाचं नाव इथून आलं, स्टेटन आयलंडचं ‘शाओलिन’ हे टोपणनावही इथलंच. १९९३ च्या नोव्हेंबरात आलेला पहिला अल्बम गाण्यानं सुरू होत नाही. सुरू होतो तो एका कुंग-फू चित्रपटातल्या इंग्रजी डबिंगच्या संवादानं. तलवारींचे खणखणाट आणि हवेत फिरणाऱ्या मुठी यांचा रिझा वाद्यांसारखा वापर करतो.

(करारपत्रावरची सही, प्रतीकात्मक. अल्बमची मुखपृष्ठं एकामागून एक.)

आता एक कागद. आमच्या मते ही त्याची सर्वांत हुशार रचना. लाउड रेकॉर्ड्सनं गटाला करारबद्ध केलं. पैसे फार नव्हते, पण रिझानं अट घातली की गट लाउडचा राहील, त्यातला प्रत्येक जण मात्र एकट्यानं कुठल्याही कंपनीकडे जायला मोकळा. साथीदारांना त्यानं सांगितलं होतं, पाच वर्षं सूत्रं माझ्या हाती द्या. मग मेथड मॅन डेफ जॅमकडे, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, जिझा गेफनकडे, रेक्वॉन लाउडकडेच. १९९४ आणि १९९५ या दोनच वर्षांत चौघांचे अल्बम. कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, बीट्स मात्र जवळपास सगळ्या एकाच माणसाच्या. प्रिन्स रकीमला कंपनीनं वाऱ्यावर सोडलं नसतं, तर असा करार त्याला सुचला असता का, कोण जाणे. १९९७ मध्ये गटाचा दुहेरी अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला.

रिझाच्या तळघरात पाणी शिरून शेकडो बीट्स गेल्या, हिशेबावरून सोबत्यांशी खटके उडाले, काही प्रकरणं कोर्टात गेली, आणि २००४ मध्ये ओल डर्टी बास्टर्ड वारला.

(चित्रपटगृहाचा पडदा. मग वाद्यवृंदाची तालीम.)

१९९९ मध्ये दिग्दर्शक जिम जार्मुशनं रिझाकडून ‘घोस्ट डॉग’ चित्रपटाचं संगीत करून घेतलं, २००३ मध्ये टॅरंटिनोनं ‘किल बिल’साठी बोलावलं. २०१२ मध्ये त्यानं स्वतःच कुंग-फू चित्रपट दिग्दर्शित केला, त्यात कामही केलं. दरम्यान तो स्वरलेखन शिकला होता.

आणि हा २०२४ चा अल्बम. बॅलेसाठी लिहिलेली रचना, वाजवणारा कोलोरॅडो सिम्फनी. वू-टँगच्या पहिल्या अल्बमच्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल देऊन परवानगीशिवाय सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा, घेणं महाग केलं होतं. बिझ मार्कीची कंपनीही कोल्ड चिलिनच. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यामागे वकील उभा असतो. या वाद्यवृंदासमोरची स्वरलिपी मात्र रिझाची स्वतःची आहे. ती वाजवायला चार्मेल्सची परवानगी लागत नाही.