विहिरीतलं ऊन आणि पाच षष्ठांश

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांची मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आहेत, त्या आईबाबांशी आणि आजी-आजोबांशी आज मी बोलणार आहे. या सत्रात मुलं काय शिकणार, ते वेळापत्रक बघून नीटसं कळत नाही. तिथे नुसती प्रकरणांची नावं असतात. अपूर्णांक, कोन, प्रकाश, रक्ताभिसरण. वर्षानुवर्षं हा वर्ग शिकवताना मला वाटत आलंय, की या वयात मुलाच्या हाती एक नवी गोष्ट लागते. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही हिशेबाने कळतं, ही ती गोष्ट.

सत्राचा मोठा भाग अपूर्णांकांत जाईल, आणि तो जायलाच हवा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की बरीच मुलं पटकन सांगतात, दोन पंचमांश. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. अशा वेळी लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. एवढंच विचारा, "अर्ध्यात आणखी काही घातलं, तर उत्तर अर्ध्याहून मोठं यायला हवं ना? मग दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?" मूल थांबतं. मला तो थांबण्याचा क्षण फार मोलाचा वाटतो. मग कागदाची एक पट्टी घ्या, तिचे सहा सारखे भाग करा. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून पाच षष्ठांश. समच्छेद करायचा तो का, हे एकदा हाताने कळलं की नियम पाठ करायला सांगावा लागत नाही.

दशांशातही अशीच एक जागा आहे. 0.35 मोठा की 0.4? पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून मुलं 0.35 म्हणतात. 0.4 म्हणजे 0.40, हे उमगायला वेळ लागतो, तो द्यावा. आपल्या भाषेची इथे मोठी मदत आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्याआधीपासून बोलतं. पाऊण, तीन चतुर्थांश, 0.75 आणि 75 टक्के ही एकाच संख्येची चार नावं आहेत, हे या सत्रात त्याला कळेल.

आता कोन आणि प्रकाश. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून सावली पडते. एवढंच वाक्य पाठ झालं तर ते कोरडं राहतं. म्हणून मी वर्गात इरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगते. सुमारे 2200 वर्षांपूर्वीचा हा ग्रीक विद्वान, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराच्या ग्रंथालयाचा प्रमुख. दक्षिणेला सायीन गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाशी पोचतं, असं त्याला कळलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. तिचा कोन 7.2 अंश. पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं, म्हणजे हा त्याचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतरही पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग असणार! ते अंतर ढोबळमानाने 800 किलोमीटर धरून मुलांना 50 ने गुणायला सांगा. 40,000 किलोमीटर येतात, आणि पृथ्वीचा परीघ खरोखरच जवळपास तेवढा आहे. मुलं फळ्याकडे बघतच राहतात.

रक्ताभिसरणात हृदयाचे चार कप्पे, कर्णिका आणि जवनिका, हे येईलच. पण विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली जे मांडलं, त्यातही गुणाकारच होता. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं आणि किती ठोके पडतात, याचा त्याने हिशेब केला. एवढं रक्त खाल्लेल्या अन्नातून सतत नवं तयार होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. मुलं घरी स्वतःची नाडी मोजतील, बसून आणि धावून आल्यावर, आणि आलेख काढतील. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाचे किती, हे त्यांनाच करू द्या. उत्तर एक लाखाच्या थोडं पुढे जातं.

भाषेच्या तासाला यंदा आपलं म्हणणं कारणांसह मांडायला शिकायचं आहे. त्यासाठी घरी मुलाला ‘तुला असं का वाटतं?’ हे विचारत राहिलात, तर पुष्कळ होईल.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी मूल तुमच्याकडे सरळ काठी मागेल. ती उन्हात उभी रोवून, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आहे. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बाराला पडेलच असं नाही. ती कधी पडते, ते त्यालाच शोधू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा.

नमस्कार.